बुडालेल्या ओंडक्यांचा रडारनें शोध

जांभळाचें लाकूड पाण्यांत कुजत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. विहिरीच्या तळाशीं जांभळाचें लाकूड घालण्याची चाल पुष्कळ गांवीं होती. तेंच लाकूड कुंपणाचा खांब म्हणून जमिनींत पुरलें तर नेमकें जमिनीच्या सपाटीशीं तें आधीं कुजतें. ह्याचें कारण उघड आहे. ओल आणि हवा हीं दोन्ही जेथें एकत्र पोंचतात तेथें लाकडाचा नाश होतो. नुसतें पाणी आहे पण हवा नाहीं, अशा ठिकाणीं तें फार काळ टिकतें. ह्या साध्या अनुभवावर उत्तर अमेरिकेंत एक निराळाच धंदा उभा राहिला आहे. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं तळ्यांत बुडालेले ओंडके शोधून वर काढावयाचे, आणि त्यांच्या फळ्या पाडून विकावयाच्या, असा तो धंदा होय.

ह्यांत वर काढण्याचें काम कष्टाचें आहे, पण खरी अडचण शोधण्याची आहे. गढूळ पाण्याखालीं, कधीं गाळाखालीं, ओंडका कोठें पडला आहे हें वरून कसें समजावें? त्यासाठीं जीं साधनें वापरतात त्यांत ‘ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार’, म्हणजे भूभेदक रडार, हें एक आहे. ह्या यंत्राचें नांव हल्ली आपल्याकडेही कानांवर येऊं लागलें आहे, आणि जमिनींतील पाणी दाखविणारें यंत्र म्हणून त्याच्याविषयीं भलत्याच अपेक्षाही उत्पन्न होत आहेत. म्हणून तें कोठें चालतें, कोठें चालत नाहीं, आणि कां चालत नाहीं, हें ओंडक्यांच्या उदाहरणानें समजून घेणें आमच्या वाचकांस उपयोगाचें होईल असें वाटतें.

ओंडके बुडाले कसे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन, विस्कॉन्सिन व मिनेसोटा ह्या उत्तरेकडील संस्थानांत पांढऱ्या पाइनचीं अफाट जंगलें होतीं. हिंवाळ्यांत झाडें तोडावयाचीं, बर्फावरून घसरगाड्यांनीं ओंडके ओढून नदीकांठीं रचावयाचे, आणि वसंत ऋतूंत बर्फ वितळून नद्या भरल्या म्हणजे ते पाण्यांत लोटून द्यावयाचे, असा तेथील क्रम असे. नदी हाच त्यांचा गाडीरस्ता. खालीं मोठ्या तळ्याच्या कांठीं लांकूड कापण्याच्या गिरण्या असत. तेथें एकमेकांस साखळ्यांनीं जोडलेल्या ओंडक्यांचें तरतें कुंपण घालून आलेला माल अडवीत, आणि गिरणीची पाळी येईपर्यंत तो पाण्यांतच राही.

आतां लाकूड तरतें कां, हें पाहूं. लाकडाचा मूळ घन पदार्थ पाण्याच्या सुमारें दीडपट जड आहे. मग तें लाकूड सावरीचें असो कीं बाभळीचें असो. लाकूड तरतें तें त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा असते म्हणून. ओंडका पाण्यांत पडून राहिला म्हणजे कापलेल्या तोंडांतून पाणी आंत शिरतें, हवा बाहेर पडते, आणि ओंडका हळूहळू जड होत जातो. बुंध्याकडील टोंक आधीं खालीं जातें, शेंडा थोडा वेळ पाण्याच्या पृष्ठाशीं डोकें काढून राहतो, आणि शेवटीं सबंध ओंडका तळ गांठतो. अर्धवट बुडालेले हे ओंडके नावांस फार घातक होत. पाइन हलका असल्यामुळें पुष्कळसा पोंचे. मेपल, ओक, पिवळा बर्च असल्या जड जातींचा माल अधिक बुडे.

ब्रह्मदेशांतील सागवानाच्या व्यापाऱ्यांस ही अडचण चांगली ठाऊक होती. ओला साग पाण्यावर तरत नाहीं. म्हणून तेथें झाड उभें असतांनाच बुंध्याभोंवतीं सालीचें व बाहेरच्या कोंवळ्या लाकडाचें वलय कापून काढीत, आणि झाड उभ्याउभ्याच वाळूं देऊन दोन-तीन वर्षांनीं तोडीत. मग तो ओंडका इरावतीच्या पात्रांतून विनातक्रार खालीं येई. अमेरिकेंत इतका धीर कोणास नव्हता. जंगल संपणारच नाहीं अशी समजूत असल्यामुळें कांहीं ओंडके बुडाले तर कोणी हळहळत नसे.

पण जंगल संपलें. विसाव्या शतकाच्या आरंभींच त्या प्रदेशांतील बहुतेक जुनें पाइनचें रान साफ झालें. तोडीनंतर पडलेल्या फांद्यांच्या व पाल्याच्या ढिगांनीं वणव्यास इंधन पुरविलें. ८ ऑक्टोबर १८७१ रोजीं विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो गांव अशाच वणव्यांत जळून गेलें, आणि त्या वणव्यांत गांव व आसपासचा मुलूख मिळून हजाराहून अधिक माणसें मेलीं. मागें उरली ती खुंटांनीं भरलेली उजाड जमीन. ही जमीन लाकडाच्या व रेल्वेच्या कंपन्यांनीं शेतकऱ्यांस विकावयास काढली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेतकी कॉलेजाचे प्रमुख विल्यम हेन्री ह्यांनीं १८९६ सालीं एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध करून, ह्या मुलखांत उत्तम शेती होईल असा भरंवसा दिला. हजारों कुटुंबें तेथें गेलीं. एकेक खुंट सुरुंगानें उडवून त्यांनीं शेतें केलीं. पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली दारूही ह्या कामीं वाटण्यांत आली. परंतु पुष्कळ ठिकाणीं जमीन रेताड, हंगाम अपुरा, आणि बाजार दूर. १९२० नंतरच्या वर्षांत सारा न भरल्यामुळें जमिनीच्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि १९३३ सालीं ओनायडा काउंटीनें कोठें शेती करावी व कोठें रान राखावें ह्याचे निर्बंधच ठरवून दिले. लाकूड एकानें नेलें आणि खुंट दुसऱ्याच्या वाट्यास आले, असा हा प्रकार झाला. त्या जुन्या रानाचा जो थोडा अंश अजून साबूत आहे, त्यांतला बराच तळ्यांच्या तळाशीं पडून आहे.

लाकूड टिकलें कसें

लाकूड कुजविणारी बुरशी हवेशिवाय वाढत नाहीं. तळ्याच्या तळाशीं पाणी थंड, आणि गाळांत तर हवा जवळजवळ नाहींच. हवेविना जगणारे कांहीं सूक्ष्म जंतु लाकडास बाधतात, पण त्यांचें काम अत्यंत मंद. समुद्रांत लाकूड पोखरणारा जो किडा नावेचे तळ चाळणीसारखे करतो तो गोड्या पाण्यांत जगत नाहीं. स्वीडनचें ‘वासा’ नांवाचें जहाज १६२८ सालीं स्टॉकहोमच्या बंदरांत बुडालें आणि १९६१ सालीं जवळजवळ सबंध वर काढण्यांत आलें. तेथील समुद्राचें पाणी इतकें कमी खारट आहे कीं हा किडा तेथें राहूं शकत नाहीं, हें त्याचें एक मुख्य कारण.

अशा ओंडक्यांस किंमत येते ती त्यांच्या वयामुळें. दाट रानांत सावलींत वाढलेलें झाड फार सावकाश जाड होतें, आणि त्याचीं वार्षिक वलयें एकमेकांस चिकटून असतात. हल्लीं लागवडीच्या रानांत लवकर वाढविलेल्या झाडांस तसा कणा नसतो. म्हणून सुंदर सामानसुमान, जमिनीच्या फळ्या व वाद्यें करणारे लोक ह्या जुन्या मालास चांगला भाव देतात. सुपीरियर सरोवराच्या कांठीं ॲशलंड गांवीं १९९० नंतरच्या दशकांत ‘सुपीरियर वॉटर-लॉग्ड लंबर’ नांवाच्या कंपनीनें पाणबुडे उतरवून हा व्यापार सुरू केला, आणि त्याचा बराच बोलबाला झाला.

रडारचें तत्त्व

रडारचें तत्त्व प्रतिध्वनीसारखेंच आहे; फरक इतकाच कीं येथें आवाजाऐवजीं बिनतारी लहर सोडावयाची असते. लहर पुढें जाते, वाटेंत निराळा पदार्थ लागला म्हणजे तिचा कांहीं भाग परत फिरतो, आणि परत येण्यास किती वेळ लागला ह्यावरून अंतर काढतात. जर्मनीच्या ह्यूल्समायरनें १९०४ सालीं ह्या तत्त्वानें दूरचें जहाज ओळखण्याचें पेटंट घेतलें, आणि १९२९ सालीं आल्प्स पर्वतांतील एका हिमनदीची जाडी ह्याच लहरींनीं मोजण्याचा प्रयोग झाला. जमिनींत वा पाण्यांत लहर सोडणारें आजचें यंत्र त्याच घराण्यांतलें.

लहरीचा वेग सर्व पदार्थांत सारखा नसतो. प्रत्येक पदार्थाचा एक विद्युत्‌गुणांक आहे. तो हवेचा १, बर्फाचा सुमारें ३, पुष्कळशा दगडांचा ५ ते ८, आणि पाण्याचा सुमारें ८० असतो. ह्या अंकाचें वर्गमूळ जितकें, तितक्या पटीनें वेग कमी होतो. ८० चें वर्गमूळ सुमारें ९, म्हणून पाण्यांत लहरीचा वेग हवेंतल्याच्या एक नवमांश होतो. हवेंत सेकंदाच्या अब्जाव्या भागांत लहर सुमारें एक फूट जाते. पाण्यांत तेवढ्याच वेळांत जेमतेम सव्वा ते दीड इंच.

ह्याचा हिशेब करून पाहावा. तळ १५ फूट खोल असेल तर लहरीस जाऊन-येऊन ३० फूट जावें लागतें. पाण्यांत त्यास सुमारें २७० अब्जांश सेकंद लागतील. यंत्र चालविणाऱ्यानें चुकून हवेचा वेग धरला तर त्यास तळ १३५ फूट खोल दिसेल. तेव्हां यंत्र वेळ सांगतें, खोली सांगत नाहीं; खोली काढतो तो माणूस, आणि त्यास मधल्या पदार्थाचें ज्ञान असावें लागतें. हें सूत्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पाण्यांत वेग कमी होतो, त्याचा एक फायदाही आहे. सेकंदास दहा कोटी कंपनांची लहर हवेंत सुमारें १० फूट लांब असते. तीच पाण्यांत १३ इंचांवर येते. लहर जितकी आंखूड तितकी लहान वस्तु ती दाखवूं शकते. दीड-दोन फूट जाडीचा ओंडका अशा लहरीच्या नजरेंतून सहसा सुटत नाहीं.

परंतु लहरीचें परावर्तन होण्यास दोन पदार्थांच्या गुणांकांत अंतर पाहिजे. पाण्यानें भरलेल्या ओंडक्यांत पाण्याचा अंश पुष्कळ असला तरी लाकडाचा घन भागही असतो. म्हणून त्याचा गुणांक पाण्याहून बराच कमी येतो, आणि पाण्यांत वा पातळ गाळांत पडलेला ओंडका दिसतो. तोच ओंडका घट्ट गाळांत रुतला आणि गाळाचा व त्याचा गुणांक जवळजवळ सारखा झाला, तर लहर त्यास ओलांडून निघून जाते व कागदावर कांहींच उमटत नाहीं.

कमानीची खूण

यंत्र पाण्यावरून सरळ रेषेंत नेत असतां प्रत्येक क्षणीं आलेले प्रतिसाद एकापुढें एक मांडले जाऊन पडद्यावर एक चित्र तयार होतें. ह्या चित्रांत ओंडका ओंडक्यासारखा दिसत नाहीं. तो कमानीसारखा दिसतो. ह्याचें कारण असें. यंत्रांतून निघणारी लहर बरोबर खालींच जात नाहीं, ती पुढेंमागेंही पसरते. समजा, ओंडका १२ फूट खोल आहे. यंत्र त्याच्या माथ्यापासून ९ फूट अलीकडे असतांना दोहोंमधील तिरकें अंतर १५ फूट भरतें. ५ फूट अलीकडे आलें म्हणजे १३ फूट. बरोबर माथ्यावर १२ फूट. आणि पलीकडे गेलें म्हणजे पुन्हां १३ व १५. यंत्रास दिशा कळत नाहीं, केवळ अंतर कळतें, म्हणून तें हे बिंदु खालीं-वर-खालीं असे मांडतें व कमान उठते. कमानीचा माथा म्हणजे ओंडक्याची खरी जागा.

परंतु मोठा धोंडाही अशीच कमान उठवितो. मग ओंडका कोणता व धोंडा कोणता? येथें यंत्रापेक्षां पद्धतीचा उपयोग अधिक होतो. एकच रेघ न मारतां, शेतांत पाभर चालवावी त्याप्रमाणें, सारख्या अंतरानें समांतर रेघा माराव्या लागतात. रेघा तीन-तीन फुटांवर असल्या आणि ओंडका १६ फूट लांब असून रेघांस आडवा पडला असला, तर पांच-सहा लागोपाठच्या रेघांवर कमान उठेल, आणि त्या कमानींचे माथे नकाशावर मांडले तर ते एका सरळ ओळींत येतील. धोंडा एक-दोन रेघांवर दिसून नाहींसा होईल. ओंडका रेघेच्याच दिशेनें पडला असेल तर कमान न होतां लांबट सरळ पट्टा दिसेल, व तो तळाचाच थर आहे असा भास होईल. म्हणून पहिल्या रेघा उत्तर-दक्षिण मारल्या असतील तर पुन्हां पूर्व-पश्चिम मारून पाहतात. आपली कुळवाची उभी-आडवी पाळी ज्यानें धरली आहे त्यास ह्याचें मर्म लगेच पटेल.

तळ्यावरील काम

काम दोन रीतींनीं करतात. उन्हाळ्यांत रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नावेंत यंत्राचा लहर सोडणारा भाग पाण्यास टेकवून नाव सावकाश चालवितात. नाव धातूची असल्यास तिच्याच अंगावरून लहरी परततात व चित्र बिघडतें. इंजिनाचाही तोच त्रास. म्हणून यंत्राचा भाग मागें दोरीनें निराळ्या तराफ्यावर ओढणें बरें. नाव कोठें आहे हें उपग्रहांच्या साह्यानें जागा सांगणारें उपकरण क्षणोक्षणीं नोंदत असतें, नाहीं तर कमान सांपडूनही ती तळ्यांत कोठची हें समजणार नाहीं.

दुसरी रीत हिंवाळ्याची. उत्तरेकडील तळीं गोठून त्यांवर माणसें व गाड्या चालूं लागतात. मग तळ्याचें जणूं शेतच होतें. दोरी लावून सरळ रेघा आंखतां येतात, आणि यंत्र लहान घसरगाडीवर ठेवून माणूस पायीं ओढीत नेतो. लाटा नाहींत, वारा नावेस ढकलीत नाहीं, आणि लहर बर्फांतून सहज पार होते. कमान सांपडली कीं तेथें खूण करावयाची, बर्फास भोंक पाडावयाचें, आणि लांब सळईनें चांचपून पाहावयाचें. सळईस लाकूड लागलें कीं दगड, हें हातास ताबडतोब कळतें. इतकें महाग यंत्र असूनही शेवटचा पुरावा सळईचाच असतो.

आवाजानें शोध करणारें ‘सोनार’ हें दुसरें साधन अधिक प्रचलित आहे. पाण्यांत आवाज सेकंदास सुमारें पांच हजार फूट जातो, आणि बाजूस पाहणाऱ्या सोनारनें तळावर उघडे पडलेले ओंडके छायाचित्राप्रमाणें सावलीसह स्पष्ट दिसतात. खोल व मोकळ्या पाण्यांत त्याची बरोबरी रडारला करतां येत नाहीं, आणि शहाणा माणूस प्रथम सोनारच वापरतो. परंतु उथळ पाणी, दाट शेवाळ व पाणवनस्पति, बर्फाचें आच्छादन, अशा ठिकाणीं सोनार अडखळतें. शिवाय कुजणाऱ्या गाळांत वायूचे बुडबुडे असतात; आवाजास ते भिंतीसारखे आडवे येतात व खालचें कांहीं दिसत नाहीं. बिनतारी लहर मात्र अशा गाळांतून बरीच पार जाते. जेथें सोनार हरतें तेथें रडारचा उपयोग, हा मुख्य नियम.

रडारची मर्यादा मात्र कडक आहे. पाण्यांत क्षार जितके अधिक तितकी लहर लवकर शोषली जाते. सुपीरियर सरोवराचें पाणी इतकें निर्मळ कीं समुद्राचें पाणी त्याच्या सुमारें ५०० पट वीज वाहतें. निर्मळ पाण्यांत कमी कंपनांची लहर तीस फूट वा अधिकही उतरते; समुद्रांत ती वीतभरांतच मरते. लहर आंखूड करून बारीक वस्तु पाहूं म्हटलें तर अतिशय शुद्ध पाणीही तिला शोषून घेतें. खोलीही पाहिजे आणि बारकावाही पाहिजे, असें दोन्ही मिळत नाहीं.

वर काढल्यानंतर

ओंडका सांपडला म्हणजे पैसे मिळाले असें नाहीं. पाणबुड्यानें खालीं जाऊन त्यास साखळी बांधावयाची, हवेच्या पिशव्या फुगवून अगर यारीनें तो उचलावयाचा, आणि गिरणीपर्यंत ओलाच न्यावयाचा. शंभर वर्षें पाणी प्यालेलें लाकूड एकदम उन्हांत टाकलें तर बाहेरचा थर आधीं वाळून आकसतो, आंतला ओला राहतो, आणि ओंडका टोंकांपासून उभा चिरत जातो. म्हणून कापेपर्यंत तो भिजत ठेवतात, आणि फळ्या पाडल्यावर त्या अगदीं सावकाश, सावलींत वा भट्टींत ओल मोजून वाळवितात. कित्येक ओंडके आंतून किडलेले निघतात. कांहींचा बाहेरचा थर मऊ पडलेला असतो. ह्या सर्वांचा खर्च चांगल्या फळ्यांवर बसतो.

माल कोणाचा?

त्या काळीं प्रत्येक कंपनी आपल्या ओंडक्याच्या टोंकास हातोड्यानें ठसा मारी, आणि तो ठसा सरकारदरबारीं नोंदलेला असे. गुरांस डाग देण्याचाच हा प्रकार. शंभर वर्षांनीं वर आलेल्या ओंडक्यावरही तो ठसा वाचतां येतो, पण ठशाचा धनी बहुधा उरलेला नसतो. विस्कॉन्सिनच्या कायद्यांत बुडालेले ओंडके काढण्याच्या परवान्याचें कलम कोठें घातलें आहे? भटकीं जनावरें व हरवलेला माल ह्या प्रकरणांत! कोंडवाड्याच्या शेजारीं ओंडक्यास जागा मिळाली, ही गोष्ट शेतकऱ्यास गंमतीची वाटेल. पण न्याय एकच आहे. मालाचा धनी दिसत नाहीं म्हणून तो सांपडेल त्याचा होत नाहीं. तळ्याचा तळ सार्वजनिक असल्यामुळें सरकारचा परवाना घ्यावा लागतो.

ओंडक्यांच्या मोजदादीवरून केवढा अनर्थ होऊं शकतो, हें रत्नागिरीच्या लोकांस सांगावयास नको. १८८५ सालीं ब्रह्मदेशच्या दरबारानें, सागाचे ओंडके कमी दाखवून जकात बुडविल्याच्या आरोपावरून, ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ह्या कंपनीस जबर दंड केला. तें निमित्त करून इंग्रजांनीं युद्ध पुकारलें, राज्य घेतलें, आणि थिबा राजास रत्नागिरीस आणून ठेविलें. तेथेंच १९१६ सालीं तो वारला.

धन्याचा प्रश्न सुटला तरी माशांचा प्रश्न राहतोच. पाण्यांत पडलेलें झाड लहान माशांचा आडोसा असतें; त्याच्यावर शेवाळ व किडे वाढतात आणि त्यांवर मासे जगतात. विस्कॉन्सिनमधील लिट्ल रॉक नांवाच्या तळ्याचे पडद्यानें दोन भाग करून, २००२ सालीं एका भागांतील कांठाजवळचें बहुतेक पडीक लाकूड शास्त्रज्ञांनीं मुद्दाम काढून टाकलें. त्या भागांतील पर्च जातीचे लहान मासे जवळजवळ नाहींसे झाले, आणि त्यांवर जगणाऱ्या बास माशांची वाढ मंदावली. खोल पाण्यांतला ओंडका व कांठाजवळचा ओंडका ह्यांत फरक आहे, हें खरें. पण तळाशीं पडलेलें लाकूड निरुपयोगी असतें ही समजूत त्या प्रयोगानें खोटी ठरली. गाळ ढवळल्यानें पाणी गढूळ होतें, आणि गाळांत दडलेलीं द्रव्यें पुन्हां पाण्यांत मिसळतात, हाही तोटा आहेच. म्हणून कोठून काढावे व कोठें राहूं द्यावे हें ठरविणें, ते शोधण्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

आपल्या शेताशीं संबंध

आतां आपल्याकडे वळूं. दख्खनच्या काळ्या जमिनींत हें यंत्र चालेल काय? तळ्याच्या उदाहरणावरून उत्तर आपोआप निघतें. ज्या गुणामुळें आपली काळी जमीन ओल धरून ठेवते, त्याच गुणामुळें ती लहर गिळते. तिच्या चिकण कणांच्या अंगास पाणी व क्षार चिकटून राहतात, आणि त्यांतून वीज सहज वाहते. अशा ओल्या चिकणमातींत लहर हातभर, फार तर दोन-चार हात उतरते व संपते. खारवट जमिनींत तर त्याहूनही कमी. तेव्हां काळ्या रानांत उभें राहून हें यंत्र दोनशें-तीनशें फुटांवरचा झरा दाखवील असें जो सांगेल, तो अजाण असला पाहिजे किंवा लबाड असला पाहिजे. कोरडी वाळू, मुरूम, किंवा उघडा खडक असल्यास थोड्या खोलीपर्यंतचे थर हें यंत्र दाखवितें, आणि पुरलेले नळ, जुनीं बांधकामें शोधण्यास त्याचा चांगला उपयोग होतो. पण विहिरीची वा विंधणविहिरीची जागा ठरविण्यास विजेचा रोध मोजण्याची जुनी पद्धति व त्या भागांतील विहिरींच्या नोंदी ह्याच अधिक भरंवशाच्या आहेत, आणि त्यासाठीं महाराष्ट्र सरकारचें भूजल खातें आहे.

विंधणविहीर कोरडी गेली म्हणजे शेतकऱ्याचें कंबरडें मोडतें. अशा वेळीं पडद्यावर रंगीत चित्र दाखविणाऱ्या माणसावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो. विस्कॉन्सिनच्या खुंटाळ जमिनीवर गेलेल्या कुटुंबांनींही विद्वानाच्या छापील पुस्तकावर विश्वास ठेवला होता; पुस्तक लबाडीनें लिहिलेलें नव्हतें, पण जमिनीची परीक्षा त्यांनीं स्वतः आधीं केली नाहीं. म्हणून कोणतेंही पाणी दाखविणारें यंत्र घेऊन कोणी दारीं आला, तर त्यास पैसे देण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्यात.

एक, त्याची लहर जमिनींत कशावरून परतते व तुमच्या मातींत ती किती खोल जाते, हें त्यास विचारावें; सरळ उत्तर न दिल्यास तेथेंच थांबावें. दोन, वेळेवरून खोली काढतांना त्यानें मातीचा वेग कोणता धरला आहे, हें विचारावें. वर सांगितल्याप्रमाणें ह्या एका चुकीनें १५ फुटांचे १३५ फूट होतात. तीन, ज्या ठिकाणीं काय आहे हें तुम्हांस माहीत आहे पण त्यास माहीत नाहीं, अशा ठिकाणीं यंत्र आधीं चालवून दाखवावयास सांगावें. कोरडी गेलेली एखादी जुनी विंधणविहीर, गाडलेला नळ, बुजविलेली विहीर, हीं प्रत्येक गांवांत आहेत. त्यांची परीक्षा फुकट होते.

आणि गांवतळ्यांत वा शेततळ्यांत गाळ किती सांचला हें पाहावयाचें असेल, तर त्यास रडार नको. तळें ओलांडून दोरी बांधावी, दर दहा फुटांवर लांब बांबू गाळाच्या वरपर्यंत व मग घट्ट तळापर्यंत दाबून दोन मापें घ्यावीं, आणि त्यांतलें अंतर वहींत लिहावें. दुसऱ्या दिशेनेंही तसेंच करावें. दोन माणसांच्या अर्ध्या दिवसांत गाळाचा नकाशा तयार होतो, आणि गाळ काढणाऱ्याचें बिल आलें म्हणजे तें ह्याच वहीशीं ताडून पाहतां येतें.